मादामचा चर

आसेगावच्या विजयमालाबाई गावंडे यांना गप्प बसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही, आणि आता त्या साठीला आल्या तरी ते जमेल ही आशा घरच्यांनीही सोडून दिली आहे. बाई तोंडाळ आहेत असं नाही. शिवी नाही, भांडण नाही, कुणाची उणीदुणी काढणं नाही. फक्त एक शब्द त्यांच्या जिभेवर कायम तयार असतो: "काहून?" म्हणजे "का?" जऊळक्याला माहेरी असताना या एका शब्दानं त्यांनी मास्तरांना जेरीस आणलं होतं. पुढे पाहायला पाहुणे आले, तेव्हा मान खाली घालून चहा द्यायला आलेल्या या मुलीनं होणाऱ्या सासऱ्यांनाच विचारलं, "तुमच्या वावरातली हीर घरापासून एवढी लांब काहून हाय?" आईनं आतल्या खोलीत कपाळाला हात लावला. सासरे मात्र खो खो हसले आणि म्हणाले, "हे पोरगी आपल्या रामरावले बोलतं करीन."

त्यांचा अंदाज साफ चुकला. रामराव माणूस सोन्यासारखा, पण दिवसभरात ते जेवढं बोलत तेवढं विजयमालाबाई सकाळी चहा उकळायच्या आत बोलून मोकळ्या होत. संसार मात्र छान चालला. एकानं बोलावं, एकानं ऐकावं, आणि जे करायचं ते दोघांनी मिळून करावं, अशी त्यांची न ठरवता ठरलेली वाटणी होती.

गावंड्यांचं घर वावरातच, म्हणजे शेतातच आहे, टेकडीच्या पायथ्याशी. एका अंगाला रस्ता, दोन अंगांना खोल काठाचा नाला, आणि समोर टेकडी. टेकडीवर सागाचं जंगल, आणि जंगलात रोही. ज्यांनी हे जनावर चित्रातच पाहिलं आहे ते त्याला नीलगाय म्हणतात. आमच्याकडे ते नाव कुणी घेत नाही. घोड्याएवढं धूड, कळपानं खाली उतरतं, आणि उजाडेपर्यंत हरभऱ्याचं वावर जेवढं खातं त्याच्या दुप्पट तुडवून जातं. नाल्याच्या उभ्या काठांवरून त्याला येता येत नाही, रस्त्याच्या बाजूला घर आणि कुत्री. म्हणजे यायची वाट एकच, टेकडीकडची.

त्या वाटेवर विजयमालाबाईंच्या साड्या होत्या. आमच्या भागात जुन्या साड्यांचं कुंपण घालतात. खांब रोवायचे, साड्या ताणून बांधायच्या, वाऱ्यानं फडफडल्या की रोही बिचकतो. बिचकतो हे खरं आहे, पण दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तो साडीचा पदर चघळत उभा असतो. तरी रामराव दरवर्षी नेमानं साड्या बांधत, आणि अंगावरून उतरलेली एकही साडी बाईंना पायपुसण्यासाठीसुद्धा मिळत नसे. बाईंना याची मनापासून लाज वाटायची. शेलूबाजारहून येणाऱ्या जीपमधून उतरता उतरता एखादी बाई हमखास ओरडे, "विजयमालाबाई, ते मोरपंखी तुमच्या मंजूच्या लग्नातलं नाई का व?" मंजू ही त्यांची नणंद. सगळा संसार असा टेकडीच्या पायथ्याशी टांगलेला.

आणि साड्यांनी काम होत नसे म्हणून मचाण. पेरणी झाली की रामराव जागलीला, रात्रभर पीक राखायला जात. चार बल्ल्यांवरचं ते मचाण, एक बॅटरी, बडवायला एक पत्र्याचा डबा, आणि घोंगडी. खरीप गेला की रब्बी, रब्बी गेला की उन्हाळी भुईमूग. गावात लग्न असो की नातेवाइकांकडे तेरवी, रामराव अंधार पडायच्या आत परत. मुक्कामाला कुठे गेलेला हा माणूस कुणाला आठवत नाही. म्हणूनच लेक राखी पहिल्यांदा गरोदर राहिली, तेव्हा सगळी पंचाईत झाली.

राखी नवऱ्याबरोबर फ्रान्समध्ये राहते. जावई हरीओम इंजिनिअर, आणि त्यांच्या गावाचं नाव चक्क तूर. "तुरीच्या गावी गेली पोरगी," एवढा एक विनोद रामरावांनी त्यावर केला होता आणि घरातले दोन दिवस त्यावर हसत होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. मग माहेरच तिकडे जायचं ठरलं. दोघांचे पासपोर्ट निघाले, आणि आयत्या वेळी रामराव म्हणाले, "तू जाऊन ये. वावराले कोन पाहीन?" विजयमालाबाईंनी कधी नव्हे ते "काहून" विचारलं नाही. रागच तेवढा आला होता. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतकाढा आणि ज्वारीचं पीठ घेऊन बाई एकट्या विमानात बसल्या.

नातू झाला. ईशान नाव ठरलं. आणि बारशाच्या दिवशी विजयमालाबाईंनी तो पराक्रम केला, ज्याची हकिकत आजही आसेगावात चहाबरोबर सांगितली जाते.

राखीच्या घरापासून चालत जाण्यासारख्या अंतरावर एक जुना राजवाडा होता. बाई त्याला गढीच म्हणत. टोकदार निळसर छपरांची, कोपऱ्यांवर गोल बुरुज असलेली ती गढी, आणि भोवती केवढी तरी बाग. बाग म्हणजे गुलाबांचे वाफे नव्हेत. लांबच लांब हिरवळ, मधून मधून मुद्दाम सोडल्यासारखे झाडांचे पुंजके, एक वळणदार तळं. राखीनं सांगितलं की दोनशे वर्षांपूर्वी कुणी तरी बसून ही सगळी आखली आहे, तळंसुद्धा खोदलेलं आहे, आणि झाडांची जागाही ठरवून दिलेली आहे. बाई रोज बाळाची गाडी ढकलत तिथे जात आणि त्यांच्या मनात रोज एकच प्रश्न येई. हिरवळ संपते तिथे पलीकडे पांढऱ्याशुभ्र गाई चरत होत्या. मध्ये कुंपण नाही, तार नाही, भिंत नाही, साडी तर नाहीच नाही. आणि तरीही एकही गाय या बाजूला पाऊल टाकत नव्हती.

"अथच्या गाई शिकेल हायेत काय व?" त्यांनी राखीला विचारलं.

"आई, मले नाई माहीत. शिकेल असतीन," राखीनं बाळाला थोपटत उत्तर दिलं. तिला आठवडाभर झोप नव्हती.

बाईंनी ते खरं मानलं. फ्रान्समध्ये माणसं रांगेत उभी राहतात, गाड्या शिट्टी न वाजवता थांबतात, तर गाई का नाही शिस्तीत राहणार? तर बारशाला पुरणपोळी झाली. पहिला घास गाईचा. हरीओम सासूबाईंना म्हणाला, "मामी, इथं गाईला असं काही देत नाहीत." बाई म्हणाल्या, "गाय तं गाय असते." त्यांनी नवी जरीची साडी नेसली, पायात राखीचे बूट चढवले, पुरणपोळीवर तूप सोडून ताटली हातात घेतली आणि गढीच्या हिरवळीवरून सरळ गाईंच्या दिशेनं चालू लागल्या. एका गाईनं मान वर करून पाहिलं. बाईंनी तिला लांबूनच हात जोडले, आणि पुढच्या पावलाला पायाखाली जमीनच नव्हती.

तो चर होता. हिरवळीच्या बाजूनं माणसाच्या उंचीएवढी उभी दगडी भिंत, आणि पलीकडून गाईंच्या कुरणातून उतरत आलेला गवताचा उतार. घराच्या बाजूनं पाहिलं तर काही म्हणता काही दिसत नाही, हिरवळ आणि कुरण एकाला एक जोडलेलं वाटतं. बाई खाली गवतावर बसत्या झाल्या. घोटा मुरगळला, जरी मातीत गेली, पण ताटली हातात तशीच उंच. आणि ती मघाची गाय उतारावरून डुलत डुलत खाली आली आणि तिनं पुरणपोळी खाल्ली. तुपासकट. बाईंनी चरात बसल्या बसल्या तिच्या पाठीवरून हात फिरवला. घास पोचला होता, बाकीचं नंतर पाहू.

आरडाओरडा ऐकून गढीची मालकीणच शिडी घेऊन आली. मादाम सोलांज, सत्तरीच्या पुढची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात झाडं छाटायची कात्री. नंतर राखी धावत आली आणि दुभाषी झाली. बाईंना गढीत नेऊन पायाला बर्फ लावला. आत छतावर परी आणि ढग रंगवलेले, आणि त्या ढगांखाली जागोजाग बादल्या ठेवलेल्या. छप्पर गळत होतं. एवढ्या मोठ्या घरात मादाम दोनच खोल्यांत राहायची, बाकीचं तिकीट लावून लोकांना दाखवायची, वर आपल्या झाडांच्या फळांचा मुरंबा विकायची.

"एवढं कायले सांबाळता? इकून टाका न," बाईंनी विचारलं.

मादाम हसली. म्हणाली, विकलं तर घेणारा हॉटेल काढेल, तळं बुजवून तिथे गाड्या उभ्या करेल, आणि पणजोबांनी लावलेले देवदार पहिल्या महिन्यात तोडेल. तिच्या नवऱ्याच्या पणजोबांनी ते लावले तेव्हा ते गुडघ्याएवढे होते. बाईंना हे लगेच पटलं. त्यांच्या माहेरच्या बाजूची एक गढी अशीच माती माती होत गेलेली त्यांनी पाहिली होती, आणि तिच्या दगडांनी कुणाकुणाचे संडास बांधले गेले तेही त्यांना ठाऊक होतं.

पण त्यांचं मन मात्र चरात अडकलं होतं. पाय बरा झाल्यावर त्या मादामला घेऊन पुन्हा तिथे गेल्या आणि एकामागून एक "काहून" विचारत सुटल्या. भिंत याच बाजूला काहून? तिकडे उतार काहून? मादामनं छत्री उभी धरून खोली दाखवली. जनावर उतरतं आरामात, समोर भिंत येते, खालून उडी मारायला जोर लावता येत नाही, मग आल्या वाटेनं परत. जुन्या काळी लांडगे अडवायला असले चर खोदत, त्यावरून त्याचं नावच लांडग्याची उडी. पुढे बागा आखणाऱ्यांनी तीच युक्ती उचलली, म्हणजे खिडकीतून बघताना डोळ्यांना कुठे कुंपण टोचू नये. बाईंनी उडी मारून मादामचा हात धरला. "आमच्याइकडं लांडगे नाईत, रोही हायेत!" राखीला त्याचं भाषांतर करता येईना, तेव्हा तिनं फोनवर रोह्याचं चित्र दाखवलं. मादाम म्हणाली, एवढं मोठं असेल तर भिंत आणखी हातभर वाढवा.

परत आल्यावर पहिल्याच जेवणाला विजयमालाबाईंनी विषय काढला. रामराव नातवाचे फोटो पाहत होते. एकच फोटो पुन्हा पुन्हा मोठा करत होते.

"चर खोदाचा टेकडीच्या अंगानं," बाई म्हणाल्या.

"एवढी वावराची पट्टी वाया जाईन," रामराव फोनवरून नजर न उचलता म्हणाले.

"रोही जे खाते ते कुठं जाते मंग?"

"रोही कुदते."

"कुदू द्या. एक रब्बी पाहू. रोही आत आला तं मी चूप. माही नेसती साडी बांधा कुंपनाले. पन नाई आला तं जागल बंद, अन् ईशानच्या पैल्या वाढदिवसाले तुमी माह्यासंग फ्रान्सले."

रामरावांनी घास तसाच धरून ठेवला. मग हळूच म्हणाले, "पाहू." त्यांच्या तोंडून आलेलं "पाहू" म्हणजे इतरांचं शपथपत्र, हे बाईंना माहीत होतं. त्याच रात्री त्यांनी राखीला फोन करून सांगितलं की बाबांना घेऊन येते. आता सगळं त्या चरावर होतं. नातू मे महिन्यात एक वर्षाचा होणार होता आणि आजोबांनी त्याला अजून हातात घेतलेलं नव्हतं. बाईंना रात्री झोप लागेना ती या विचारानं.

सोयाबीन निघालं, वावर मोकळं झालं आणि जेसीबी आला. गावाला करमणूक मिळाली. "खंदक झाला, आता तोफा कवा येतीन व बाई?" "मगरी सोडसान काय पान्यात?" पारावर बसणारी मंडळी त्या वर्षी दुसरं काही बोललीच नाही. बाई सगळ्यांना चहा पाजत आणि पुन्हा सगळं समजावून सांगत, भिंत कुठे, उतार कुठे. ऐकणारे माना डोलवत, आणि बाहेर पडल्यावर मगरींचंच बोलत.

भिंत रचायला तांड्यावरचा भाऊसिंग राठोड आला. विहिरींची बांधणी हा त्याचा हातखंडा. एरवी दिवाळी झाली की तो बायकोबरोबर ऊसतोडीला जातो, पण या वर्षी हिरीबाईचं गुडघ्याचं दुखणं निघालं म्हणून दोघं थांबली होती. दगड धुऱ्यावर, वावराच्या बांधावर पडलेलेच होते. वावरातून वेचून वेचून सासऱ्यांच्या काळापासून साठलेले. काम सुरू झालं, आणि नेमकं तेव्हाच बाईंना जऊळक्याला भाच्याच्या लग्नाला जावं लागलं. जाताना त्यांनी रामरावांना बजावलं, "ध्यान ठेवजा."

त्यांनी खरंच ठेवलं, तेच बाधलं. बाई लग्न उरकून आल्या, जीपमधून उतरून सामान अंगणात टाकून थेट चराकडे गेल्या आणि बघतच राहिल्या. भिंत सुरेख झाली होती. दगडाला दगड बसलेला, सुरी जाणार नाही. पण ती झाली होती टेकडीच्या बाजूला, आणि मऊ उतार वावराच्या बाजूला.

"हे काय?" बाईंनी चराकडे हात करून विचारलं.

रामराव अभिमानानं म्हणाले, "भित दुश्मनाच्या अंगाले पायजे. किल्ल्याची तशीच असते."

"आवो, रोही वरून कुदन खाली, अन् या उतारानं आरामशीर चढून तुमच्या हरभऱ्यात येईन! तुमी त्याले पायऱ्या बांधून देल्या!"

भाऊसिंगनं एकदा चराकडे पाहिलं, एकदा रामरावांकडे, आणि तो पाणी प्यायचं निमित्त करून लांब गेला. बाई दगडांच्या ढिगावर मटकन बसल्या. वाटलं आता रडू येणार, पण आलं हसू. असं आलं की थांबेना. तिकडून हिरीबाई हसायला लागली, मग भाऊसिंग लांबूनच हसायला लागला. रामराव तेवढे हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते चरात उतरले आणि स्वतः एक एक दगड उचलून या बाजूला आणू लागले. भाऊसिंगनं पुन्हा रचायचं आणि यांनी दगड पुरवायचे, उतारही खोदून टेकडीकडे फिरवला. हात सोलवटले तरी थांबले नाहीत. तोंडानं चूक कबूल करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण तेवढे दिवस त्यांनी जेवताना बाईंकडे मान वर करून पाहिलं नाही, आणि बाईंना ते पुरलं. हरभरा थोडा उशिरा पेरला गेला, एवढंच.

तरी मचाण उभं होतं. साड्याही होत्या, कारण रामरावांना अर्धवट विश्वास होता. हरभऱ्याला घाटे भरू लागले, धुकं पडू लागलं, आणि एके दिवशी उजाडता उजाडता विजयमालाबाई गोठ्यात जायला निघाल्या तर समोर टेकडीवरून कळप उतरत होता. पुढे काळपट मोठा नर. रामराव मचाणावरून उतरून त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांचा हात डब्याकडे गेला. बाईंनी तो धरला.

"वाजवू नोका. पाहू द्या."

नर साड्यांपाशी आला, हुंगला, दोन खांबांमधून सहज आत घुसला आणि चरात उतरला. उतरता उतरता दिसेनासा झाला. मग मान उंच केल्यावर भिंतीच्या वर त्याचे कान आले, आणि डोळे. समोर हिरवागार हरभरा, दवानं भिजलेला. तो बघत उभा राहिला. पुढचे पाय भिंतीला लावून पाहिले, घसरला. पुन्हा लावले, पुन्हा घसरला. फुर्रर्र करून नाक झटकलं, चराच्या कडेकडेनं नाल्यापर्यंत गेला, तिथून परत आला. मागचा कळप उतारावर खोळंबला होता. शेवटी नरानं तोंड फिरवलं आणि सगळी मंडळी आली तशी टेकडीकडे चालती झाली.

विजयमालाबाईंनी रामरावांचा हात अजून सोडला नव्हता.

"गेले," रामराव म्हणाले. मग पुन्हा, "परत गेले वं."

मग गावाची पावलं वळली. मगरींची चौकशी करणारेच आधी आले, चरात उतरून भिंतीला हात लावून पाहू लागले. टेकडीकडच्या तिघा-चौघांनी भाऊसिंगला आपापल्या वावरासाठी सांगून ठेवलं, म्हणजे पुढच्या वर्षीही त्याला ऊसतोडीला जायची गरज नव्हती. लोक त्याला मादामचा चर म्हणू लागले. राखीनं मादामला फोनवरून सगळं दाखवलं, तर मादामनं आधी भिंतीच्या दगडांची तारीफ केली आणि मग विचारलं की ते रंगीबेरंगी कापड कशाचं. त्याच दुपारी बाईंनी साड्या काढल्या आणि सगळा गठ्ठा हिरीबाईला गोधड्यांसाठी दिला. आणि संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांनी पहिल्यांदा आपलं वावर नीट पाहिलं. हरभरा, त्याच्यापुढे गवत, त्याच्यापुढे साग, थेट माथ्यापर्यंत एकसलग हिरवं. मध्ये काही नाही. लग्न होऊन आल्यापासून त्या या घरात राहत होत्या, पण त्यांची टेकडी एवढी देखणी आहे हे त्यांना त्या दिवशी कळलं.

आता जागल बंद व्हायला हवी होती. पण रामराव जेवण झालं की घोंगडी खांद्यावर टाकत आणि मचाणाकडे निघत. पहिल्या आठवड्यात बाईंनी मनावर घेतलं नाही. सवय आहे, सुटेल. हरभरा पिवळा पडायला लागला तरी सुटली नाही. राखी रोज विचारू लागली, तिकिटं काढायची का? बाई म्हणत, थांब. एका संध्याकाळी मात्र त्यांचा धीर संपला. चहाची किटली घेऊन त्या वावरातून गेल्या, आणि पदर खोचून मचाणाच्या शिडीवर चढल्या. इतक्या वर्षांत त्या वर कधी गेल्या नव्हत्या. रामराव दचकून सरकून बसले.

"आता कोनाची राखन करून राह्यले तुमी?" बाईंनी विचारलं.

रामरावांनी अंगावरची घोंगडी सारखी केली. बाईंनी कप भरला, त्यांच्या हातात दिला आणि या वेळी त्या गप्प बसल्या. अशा गप्प बसल्या की रामरावांना भीती वाटली असावी.

"मले तथी येवाची धास्ती वाटते," ते शेवटी म्हणाले.

"काहून? इमानाची?"

"इमानाचं काय हाय, बसलं की झालं." त्यांनी कप खाली ठेवला. "पोरगा फोनवर मले पाहून हासते. पन फोनवरचा आजा येगळा, वं. म्या हातात घेतला अन् तो रडला तं? वरीस होऊन राह्यलं त्याले. म्या एक डाव नाई गेलो. त्याले काय माहीत मी कोन हाय ते. राखीसमोर तो माह्याजवळून निसटून गेला तं म्या तोंड कुठं लपवू? त्याच्यापरीस इथं बरं. इथं काही तरी राखन तं होते."

लग्न झाल्यापासून रामराव एका दमात एवढं बोलल्याचं विजयमालाबाईंना आठवेना. त्यांना एकदम त्या सगळ्या वर्षांची कीव आली, आणि या माणसाची इतकी माया दाटून आली की डोळे भरले. पण त्या रडल्या नाहीत.

"रडीन," त्या म्हणाल्या. "रडीनच तो. मंग काय झालं? राखी तुमच्या हातात पैल्यांदा आली तवा तिनं गाव डोक्यावर घेतलं होतं. तुमी घाबरून तुमच्या मायजवळ देली होती. इसरले? अन् दोन दिवसानं तुमच्याबिगर झोपत नव्हती."

"तवा मी जवान होतो."

"अन् आता म्हातारे झाले म्हनूनच घाई करा म्हनते मी."

सूर्य मावळला, पाखरं सागात शिरली. मग रामरावांनी घोंगडीची घडी घातली, ती बाईंच्या खांद्यावर दिली आणि आधी स्वतः उतरून शिडी धरून उभे राहिले. घरी आल्यावर ओसरीवर बसले आणि म्हणाले, "लाव फोन."

राखीनं उचलला. मागे ईशान काही तरी बडबडत होता. बाई म्हणाल्या, "तुहे बाबा बोलतेत," आणि रामराव नको म्हणायच्या आत त्यांनी फोन त्यांच्या हातात दिला. रामरावांनी तो दोन्ही हातांनी धरला. पडद्यावर आधी राखीचा चेहरा आला, तिनं बापाचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता फोन पोराच्या समोर धरला. पोरगं दोन नवे दात दाखवून हसलं.

रामरावांनी फोन आणखी जवळ धरला.

"ईशान," ते म्हणाले, "मी तुहा आजा. येऊन राह्यलो, बाप्पा. मले पाहून रडाचं असन तं खुशाल रड, पन मी तुले हातातून खाली नाई ठेवनार."